गावातला क्लब आपला करायचा तर: इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी नॉन-लीग फुटबॉलची वाट

ऑगस्ट लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले. कुणीतरी पुण्याहून नाही तर हैदराबादहून, कंपनीने पाठवलं म्हणून लंडनजवळच्या स्लाऊला आलेलं असतं. घराची किल्ली मिळालेली असते, मुलाची शाळा अजून ठरायची असते, आणि बोलता बोलता विषय निघतो. "ताई, पोराला एकदा मॅच दाखवायचीय. आर्सेनलचं तिकीट कसं मिळतं?" मी रीतसर सांगते: आधी सभासद व्हा, मग सोडतीत नाव घाला, मग नशीब. आणि विचारते, या शनिवारी दुपारी तीनला काय करताय? स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर मॅच आहे.

फोनवर पुढचं सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

मी कोल्हापूरची. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाहू स्टेडियमवर पहिली मॅच पाहिली. तिथे "तुझी टीम कुठली?" असं कुणी विचारत नाही. "कुठल्या पेठेतली?" असं विचारतात, आणि त्या उत्तरातच टीम येते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. घर जिथे, तिथली तालीम, तिथलं फुटबॉल. २००६ मध्ये स्लाऊला आले तेव्हा पहिले काही महिने टीव्हीवर मोठ्या क्लबांच्या मॅच बघत बसले. खेळ उत्तम होता, पण घशातून आवाज निघत नव्हता. ज्यांच्यासाठी ओरडायचं ती माणसं मला कधी रस्त्यात भेटणार नव्हती. मग शेजारच्यांनी सांगितलं की गावाचा स्वतःचा क्लब आहे, स्लाऊ टाऊन, १८९० पासूनचा. त्या शनिवारपासून आजपर्यंतचा हिशेब पुढे मांडते.

१. आधी थर समजून घ्या

इंग्लंडात फुटबॉल एकावर एक थर लावून रचलेलं आहे. वरच्या चार थरांत मिळून ९२ क्लब: प्रीमियर लीगचे २० आणि खालच्या तीन विभागांचे ७२. त्यांच्याखाली जे जे आहे ते नॉन-लीग. नावाने गोंधळून जाऊ नका, इथेही लीगच खेळतात. १८८८ मध्ये सुरू झालेल्या जुन्या फुटबॉल लीगच्या बाहेरचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

पाचवा थर नॅशनल लीग. सहाव्यात नॅशनल लीग नॉर्थ आणि नॅशनल लीग साउथ. सातव्यात सदर्न, इस्थमियन आणि नॉर्दर्न प्रीमियर या जुन्या लीग. मग खाली खाली जात थेट बागेतल्या मैदानापर्यंत. जिंकलं की वर, हरत राहिलं की खाली. पाचव्यातून चौथ्यात जायला पूर्वी वरच्या क्लबांची मतं मिळवावी लागत. १९८७ पासून विजेता सरळ वर जातो.

स्लाऊ टाऊन २०१८ मध्ये सातव्यातून सहाव्यात आला. त्या मे महिन्यात किंग्ज लिनच्या मैदानावर प्ले-ऑफची (विजेत्याखालच्या संघांत वर जायच्या उरलेल्या जागेसाठी होणाऱ्या मॅचची) अंतिम मॅच आम्ही २-१ जिंकलो.

सहाव्या थरावरचे बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात. ज्याने शनिवारी गोल मारला तो सोमवारी तुमच्या घरचा बॉयलर बघायला येऊ शकतो. हे ऐकून खेळ कमी दर्जाचा वाटला तर एकदा मैदानाच्या कठड्याला टेकून उभे राहा. दोन हातांवर बचावपटू आणि स्ट्रायकर एकमेकांवर आदळतात तेव्हा होणारा आवाज टीव्हीवर कधी ऐकू येत नाही.

२. क्लब निवडू नका, जवळचा शोधा

नवे लोक इथेच चुकतात. लीगचा तक्ता उघडतात, कोण पहिला ते बघतात, आणि वीस मैलांवरचा क्लब धरतात. नोव्हेंबरपर्यंत उत्साह संपतो.

माझी कसोटी मंगळवारची. नॉन-लीगच्या आठवड्यातल्या मॅच बहुधा मंगळवारी रात्री पावणेआठला असतात. ऑफिस सुटल्यावर, काहीतरी खाऊन, मुलाला घेऊन तुम्ही पावणेआठच्या आत ज्या मैदानावर पोहोचू शकता, तो तुमचा क्लब.

मेडनहेडला राहत असाल तर मेडनहेड युनायटेड आहे. त्यांचं यॉर्क रोडचं मैदान १८७१ पासून त्याच क्लबचं आहे. एकाच क्लबने सलग वापरलेलं याहून जुनं सीनियर फुटबॉलचं मैदान जगात दुसरं नाही. रायस्लिपच्या बाजूला वील्डस्टोन, दक्षिण लंडनमध्ये गुलाबी-निळ्या रंगाचा डलिच हॅमलेट, वोकिंगला वोकिंग. इंग्लंडातल्या जवळपास प्रत्येक गावाला एक क्लब आहे. तुमच्या गावाचं नाव आणि त्यापुढे फुटबॉल क्लब असं शोधलंत की सापडेल.

मुलगा लिव्हरपूलचा वेडा असेल तर त्याला सोडायला लावू नका. इथे निम्म्याहून अधिक लोक एक मोठा क्लब मनात ठेवूनच येतात आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. वेळेचीही अडचण नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडात फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, आणि ती छोट्या मैदानांवरची गर्दी टिकावी म्हणूनच आणलेली आहे. शिवाय वर्षातून काही वेळा देशांच्या संघांसाठी वरच्या दोन लीग थांबतात. २०१० पासून अशाच एका शनिवारी नॉन-लीग डे पाळतात आणि त्या दिवशी बरेच क्लब तिकीट स्वस्त करतात. पहिल्यांदा जायला तो दिवस चांगला.

३. पहिल्या मॅचला काय न्यायचं

- बँकेचं कार्ड, आणि पाच-दहा पौंडांची सुटी नाणी. फाटकावर कार्ड चालतं, पण सोडतीचं तिकीट विकणाऱ्या आजींच्या हातात मशीन असेलच असं नाही.
- विद्यार्थी किंवा ज्येष्ठ असाल तर ओळखपत्र. सवलतीचा दर मिळतो. मुलांचं तिकीट अगदी थोडक्यात असतं, काही ठिकाणी फुकटही.
- दोन जोड मोजे, त्यातला एक लोकरीचा. थंडी पायांतून चढते, कारण तुम्ही दोन तास सिमेंटवर उभे असता. स्वेटरवर स्वेटर घालून आलेले आणि पायात कापडी बूट असलेले मी इतके पाहिलेत की आता पहिल्यांदा येणाऱ्याच्या पायांकडेच बघते.
- टोपीचा रेनकोट. छत्री नको, मागच्याला दिसत नाही.
- लहान मूल असेल तर कानटोपी आणि खाऊ.

पासपोर्ट, आधी काढलेलं तिकीट, सभासदत्व यांपैकी काही लागत नाही. फाटकावर पैसे द्या आणि आत या. मोठ्या माणसाचं तिकीट या थरावर साधारण दहा ते वीस पौंडांच्या दरम्यान. नेमका आकडा दर मोसमात बदलतो, निघण्यापूर्वी क्लबच्या साइटवर बघा.

स्लाऊ टाऊनचं मैदान आर्बर पार्क. स्टेशनातून उत्तरेच्या बाजूला बाहेर पडा आणि स्टोक रोडने सरळ चालत राहा. गाडी आणू नका, परतताना अडकाल.

४. आत गेल्यावर

कुठे बसायचं, हा पहिला प्रश्न. खुर्च्या असतात, पण थोड्या. बहुतेक लोक उभे राहतात, आणि तिथेच मजा आहे. पाहुण्या संघाचे लोकही सहसा मोकळेच मिसळलेले असतात. कुंपण घालून वेगळं ठेवायची वेळ क्वचित येते. शेजारी दुसऱ्या रंगाचा स्कार्फ दिसला तर दचकू नका. बहुधा तोच तुम्हाला त्यांचा दहा नंबर कसा आहे ते सांगेल. कोल्हापूरची टोकाची ईर्षा पाहिलेल्या मला हे पचायला एक मोसम गेला.

मग हाफ-टाइम होतो, आणि नव्या माणसाला वाटतं लोक घरी निघाले. तसं नसतं. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतो त्याच्या मागे उभं राहायची पद्धत आहे. पंधरा मिनिटांत दोन्ही बाजूंचे लोक मैदानाला वळसा घालून जागा बदलतात, वाटेत एकमेकांना भेटतात, चहा घेतात. तुम्हीही चालायला लागा.

खाण्याबद्दल मात्र नीट वाचा, आपल्या घरांसाठी हे महत्त्वाचं आहे. थंडीत सगळे कपातून वाफाळतं तपकिरी काहीतरी पीत असतात. ते बोव्हरिल. दिसायला कडक काढा, वासाला रस्सा, आणि ते गोमांसाच्या अर्कापासून बनतं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा शेजारच्या भल्या माणसाने गारठलेल्या म्हातारीसाठी मायेने एक कप आणून दिला. मी मुलाला बाथरूमला नेलं होतं. परत आले तोवर अर्धा कप संपला होता. सासूबाईंना मी ते कधी सांगितलं नाही, आणि त्या माणसालाही नाही. तुम्ही आधीच विचारा. पायमध्ये बहुधा गायीचं किंवा कोंबडीचं मांस असतं. चिप्स चालतात, पण कडक शाकाहारी असाल तर तेल कशाकशाला वापरतात ते खिडकीवर विचारायला लाजू नका. चहा निर्धोक असतो.

बिअरचा ग्लास हातात घेऊन लोक मैदानाच्या कडेला उभे दिसतील. वरच्या पाच थरांत खेळ दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५ च्या कायद्याने मनाई आहे; सहाव्यापासून खाली तो कायदा लागू होत नाही. पण कपच्या स्पर्धेत वरच्या थरातला क्लब आला की त्या दिवसापुरता नियम बदलतो. तेव्हा फलक वाचा.

हाफ-टाइमची सोडत घ्या. जमलेल्या पैशांतला काही भाग बक्षिसाला आणि बाकीचा क्लबला. मी इतक्या वर्षांत एकदा जिंकले, आणि ते पैसे बादलीत परत टाकले.

आणखी एक गोष्ट सांगणं जरुरीचं आहे. रंगावरून, धर्मावरून कुणी काही बोललं तर गप्प बसून सोसू नका आणि स्वतः भांडायलाही जाऊ नका. पिवळं जाकीट घातलेला स्टुअर्ड गाठा, उभं राहण्याची जागा आणि वेळ सांगा. १९९३ पासून याच कामासाठी किक इट आउट ही संस्था आहे; तिच्याकडे फोनवरून तक्रार देता येते. स्लाऊसारख्या गावात, जिथे निम्मं गाव पंजाब, पाकिस्तान, पोलंड असं कुठून कुठून आलेलं आहे, मला हे करायची वेळ फार कमी आली. बाहेरगावी एकदा आली. मी सांगितलं, आणि त्या क्लबच्या लोकांनी ते मनावर घेतलं.

५. पहिला हिवाळा काढा

ऑगस्टमध्ये सगळेच पाठीराखे असतात. ऊन असतं, गवताचा वास असतो, तक्त्यात सगळे सारखे असतात. खरी परीक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

माझा पहिला हिवाळा म्हणजे २००६-०७. तेव्हा स्लाऊ टाऊनला स्लाऊमध्ये मैदानच नव्हतं. २००३ मध्ये वेक्सहॅम पार्क सोडावं लागलं आणि क्लब विंडसरच्या स्टॅग मेडोवर, दुसऱ्याच्या घरी, घरच्या मॅच खेळत होता. मी स्लाऊ स्टेशनवरून ती सहा मिनिटांची छोटी आगगाडी पकडून "घरच्या" मॅचला परगावी जायची. दोन-अडीचशे माणसं असायची. संघ हरायचा. त्या मोसमाच्या शेवटी खाली घसरला.

तिथे एक आजोबा भेटले. कठड्याला टेकून, एका हातात कार्यक्रमपत्रिका, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. संघाची नावं घोषित झाली की छापील यादीतली न खेळणारी नावं खोडायचे, बदली खेळाडू आला की मिनिट लिहायचे, शेवटी कोपऱ्यात प्रेक्षकांचा आकडा. पावसात कागद भिजायचा, पेन्सिल उठायची नाही, तरी गिरवत राहायचे. १९७३ च्या एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) अमॅच्युअर कपच्या, म्हणजे हौशी संघांच्या स्पर्धेच्या, फायनलला ते लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर होते. स्लाऊ वॉल्टन अँड हर्शमकडून १-० हरला. त्याबद्दल ते कालच घडल्यासारखं बोलायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मान हलवली. चौथ्या की पाचव्या वेळी, जानेवारीत, आम्ही तीन गोलनी मागे असताना, त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला.

तुमच्या बाबतीतही असंच होईल. पहिले काही शनिवार कुणी आपण होऊन बोलणार नाही; त्याला तुसडेपणा समजू नका. इथली माणसं आधी बघतात, तुम्ही परत येता का ते. म्हणून माझा सल्ला: दर वेळी एकाच जागी उभे राहा. चेहरा आणि जागा यांची सांगड बसली की बोलणं आपोआप सुरू होतं. मोसमाचा पास पहिल्या वर्षी घेऊ नका, दुसऱ्या वर्षी घ्या. २४ संघांच्या लीगमध्ये ४६ मॅच असतात, त्यातल्या २३ घरच्या. त्यांपैकी पंधरा-सोळा तरी जमतात असं पहिल्या वर्षी दिसलं, तर पास परवडतो.

गणपतीचे दिवस मोसमाच्या सुरुवातीलाच येतात आणि मंडळाचा शनिवार मॅचच्या शनिवारावर पडतो. आमच्या घरी ठरलेलं आहे: आरती सकाळी, मॅच दुपारी, महाप्रसाद संध्याकाळी. क्लबच्या रंगांचा, अंबर (पिवळसर केशरी) आणि गडद निळा, स्कार्फ घालून मी मोदक वळलेले आहेत.

६. बाहेरगावची मॅच

पाठीराख्यांची बस जात असेल तर पहिल्यांदा तिनेच जा. तिच्यात जे कळतं ते कुठल्याच साइटवर नसतं. स्वतः जात असाल तर एक नियम पाठ करा: निघण्यापूर्वी मॅच होणार आहे ना, ते बघा.

आर्बर पार्कचं गवत कृत्रिम आहे, त्यामुळे घरची मॅच पावसाने क्वचितच वाया जाते. (चौथ्या थरात मात्र कृत्रिम गवत चालत नाही. सटन युनायटेड २०२१ मध्ये वर गेला तेव्हा त्याला ते काढून खरं गवत लावावं लागलं.) पण बरेच क्लब खऱ्या गवतावर खेळतात, आणि तिथे दव गोठलं किंवा पाणी साचलं की रेफ्री सकाळी येतो, बूट रोवून बघतो आणि मॅच रद्द करतो. कधी हे दुपारी एकला होतं. एकदा मी आणि मुलगा दोन गाड्या बदलून, सव्वादोन तास प्रवास करून एका मैदानापाशी पोहोचलो, तर फाटकाला कुलूप आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद. मुलगा आठ वर्षांचा होता. त्याने कुलूप हलवून बघितलं. आतला पाणी उपसणारा माणूस बाहेर आला, सॉरी म्हणाला, आणि मुलाला क्लबचा एक बिल्ला देऊन गेला. त्यानंतर मी कधीही सकाळी क्लबचं सोशल मीडियावरचं खातं बघितल्याशिवाय घर सोडलं नाही. परतीचं तिकीटही वेळ न बांधलेलंच काढते.

७. कपचे दिवस

एफए कप या सगळ्या थरांच्या क्लबांच्या बाद स्पर्धेबद्दल वेगळं लिहावंच लागतं, कारण छोट्या क्लबचं वर्षाचं अंदाजपत्रक आणि अर्धी स्वप्नं त्यावर उभी असतात. त्याचा मोठा गाजावाजा जानेवारीत, तिसऱ्या फेरीपासून होतो, कारण प्रीमियर लीगचे क्लब तेव्हा येतात. प्रत्यक्षात कप ऑगस्टमध्येच सुरू झालेला असतो, अगदी खालच्या थरांच्या क्लबांपासून. आमच्या थराचे संघ दुसऱ्या पात्रता फेरीत उतरतात. चार पात्रता फेऱ्यांतून ३२ क्लब उरतात. नोव्हेंबरमध्ये पहिल्या फेरीत त्यांची गाठ तिसऱ्या-चौथ्या थरातल्या ४८ शी पडते. प्रत्येक फेरी जिंकली की बक्षिसाचे पैसे.

२०१७ मध्ये स्लाऊने पहिल्या फेरीत गेन्सबरो ट्रिनिटीला ६-० हरवलं आणि दुसऱ्या फेरीत रोचडेल आमच्या मैदानावर आला. आम्ही ४-० हरलो. त्या रात्री मैदानावर जी माणसं होती त्यातली निम्मी आधी कधी आली नव्हती. मला त्यांचा राग आला नाही. त्यातलीच काही आज माझ्या शेजारी उभी असतात. फक्त एवढं लक्षात ठेवा: अशा मॅचची तिकिटं आगाऊ विकली जातात, आणि पहिला मान पासवाल्यांचा आणि नेहमी येणाऱ्यांचा असतो.

एफए ट्रॉफीही बघा. ती १९६९ मध्ये नॉन-लीगच्या वरच्या क्लबांसाठी सुरू झाली. फायनल वेम्ब्लीला असते.

८. काम हाती घ्या

ही पायरी ओलांडली की तुम्ही प्रेक्षक उरत नाही. फाटकावर तिकीट देणारा, कार्यक्रमपत्रिका विकणारी, चेंडू उचलणारी मुलं, चहाच्या खिडकीतल्या बाया, मॅचनंतर कचरा गोळा करणारे, यातले बहुतेक जण पैसे न घेता येतात. क्लबला मनुष्यबळ कायम कमी पडतं. सचिवांना इमेल करा किंवा सरळ फाटकावर विचारा. "महिन्यातला एक शनिवार देऊ शकते" एवढं बोललात तरी पुरे.

कागदपत्रांच्या बाबतीत सांभाळायच्या गोष्टी:

- मुलांच्या संघांसोबत काम करणार असाल तर डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) लागते. पासपोर्ट, व्हिसाची नोंद आणि इथल्या पत्त्याचे पुरावे तयार ठेवा. स्वयंसेवकांना सरकार तिची फी लावत नाही.
- पैसे न घेता काम करायला व्हिसाची सहसा अडचण येत नाही. पण मॅचच्या दिवशीच्या कामाचे "थोडे पैसे घ्या" असं कुणी प्रेमाने म्हणालं, तर आधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचा आणि मगच हो म्हणा.
- विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, आणि "व्यावसायिक"ची व्याख्या वाटते त्याहून रुंद आहे. तुमच्याकडे राहायला आलेला भाचा छान खेळतो म्हणून क्लबने त्याला राखीव संघात बोलावलं, तर सही करण्यापूर्वी त्याच्या विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा. एका मुलाचं हे अगदी शेवटच्या क्षणी लक्षात आलं. तो थोडक्यात वाचला.

हातात वेळ नसेल तर पैशाची छोटी वाट आहे. आम्ही चार मराठी घरांनी मिळून एका मॅचचा चेंडू पुरस्कृत केला. मॅचच्या अर्धा तास आधी घोषणा करणारा माणूस वही घेऊन आमच्याकडे आला आणि चारही आडनावं कशी म्हणायची ते विचारून, आपल्या अक्षरात फोड करून लिहून गेला. "कुलकर्णी" त्याने तीनदा म्हणून बघितलं. मग भोंग्यातून ती नावं पूर्ण, नीट, संपूर्ण मैदानाने ऐकली. माझी मुलगी त्या वेळी कठड्यावर चढून उभी राहिली होती.

९. क्लब अडचणीत येतो, तेव्हा

येतोच. इंग्लंडातल्या छोट्या क्लबच्या पायाखालची जमीन बहुधा त्याची नसते, आणि शहरालगतच्या जमिनीला भाव असतो. स्लाऊ टाऊन तेरा वर्षं बेघर होता. २००७ मध्ये आम्ही विंडसरहून बीकन्सफील्डच्या होलोवेज पार्कवर गेलो, एम-४० महामार्गाच्या अगदी शेजारी. घरचा क्लब म्हणत दर पंधरा दिवसांनी गावाबाहेर जायचं, असं नऊ वर्षं. लोक गळत गेले. उरलेल्यांनी नगरपालिकेच्या बैठकांना जाणं, पत्रं लिहिणं, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला दारात प्रश्न विचारणं सोडलं नाही.

याच काळात विंडसरचा क्लब, ज्याने आम्हाला चार वर्षं आसरा दिला, तो गेला. १८९२ मध्ये स्थापन झालेला विंडसर अँड ईटन फेब्रुवारी २०११ मध्ये कराच्या थकबाकीपायी न्यायालयात गुंडाळला गेला. ज्या कठड्याला आजोबा टेकायचे तो त्यांच्या मैदानावरचा. त्याच वर्षी लोकांनी त्याच मैदानावर नव्याने विंडसर हा क्लब उभा केला.

म्हणून तुमच्या क्लबच्या पाठीराख्यांचा ट्रस्ट असेल तर सभासद व्हा. वर्गणी किरकोळ असते. एका माणसाला एक मत, पैसा कितीही असो. त्या मताचं मोल एएफसी विम्बल्डनच्या लोकांना विचारा. २००२ मध्ये त्यांचा आधीचा क्लब दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी मिळाली. त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, नवव्या थरापासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये चौथ्या थरात पोहोचले.

ट्रस्टच्या वार्षिक सभेला एकदा तरी जा. हिशेब समजले नाहीत तर हात वर करून विचारा. मैदानाचा भाडेकरार कधी संपतो आणि क्लबचं कर्ज कुणाचं आहे, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. आपल्याकडे हिशेबात मुरलेली माणसं घरोघरी आहेत, आणि छोट्या क्लबला खजिनदार मिळता मिळत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये क्लब आर्बर पार्कवर, स्लाऊमध्ये, परत आला. मी मुलाला घेऊन स्टोक रोडने चालत गेले. वाटेत दोन्ही पदपथांवर अंबर आणि निळे स्कार्फ होते, आणि बस नाही, आगगाडी नाही, माणसं आपापल्या घरांतून निघून चालत येत होती. आजोबा आले होते. त्यांना आता उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसले आणि प्रेक्षकांचा आकडा घोषित झाल्यावर माझ्याकडे पत्रिका देऊन म्हणाले, तू लिही, माझा हात थरथरतोय. त्यानंतर दोन मोसम ते आले. ज्या शनिवारी त्यांच्यासाठी मॅचपूर्वी मिनिटभर टाळ्या वाजवल्या, त्या दिवशीचा आकडाही मी लिहिला आहे. अजून लिहिते.

पहिल्यांदा येणार असाल तर शनिवारी पावणेतीनपर्यंत चहाच्या खिडकीपाशी या, मी तिथेच असते. उशीर झाला तर पहिल्या हाफला स्लाऊ ज्या गोलवर खेळतोय त्याच्या मागे, डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी बघा. दुसऱ्या हाफला पलीकडच्या गोलमागे.